कागदापुरतं रक्त

७ मार्च

ह्यांचं प्रेशर १४८/९४. सकाळी सात, चहाच्या आधी.

आज नवी वही काढली, जुनी भरली. गेल्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, रोजचं प्रेशर लिहून ठेवा. ह्यांनी वही माझ्याकडे सरकवली. एका आकड्यानं पान भरत नाही आणि कोरा कागद वाया घालवणं माझ्या हाताला जमत नाही, म्हणून उरलेल्या जागेत मी माझं काहीबाही लिहीत गेले. हे वही उघडत नाहीत. फक्त विचारतात, “काल किती होतं?”

तपासणीचं पत्र आलं. पन्नाशी ओलांडलेल्या क्रेनवाल्यांचं रक्त कंपनी दरवर्षी तपासते. कोलेस्टेरॉल दोनशे चाळीसच्या वर गेलं की क्रेनवरून खाली, अवजारांच्या कोठारात. गेल्या वर्षी ह्यांचं दोनशे छत्तीस होतं. “काठावर आहात, सांभाळा,” असं डॉक्टर म्हणाले होते. वर्षभर मी सांभाळते आहे. ह्यांच्या अंड्यातलं पिवळं काढते, मटणावरची चरबी कापते, दुधावरची साय बाजूला करते. बाहेर हे काय खातात ते धुवायच्या शर्टाच्या बाहीवर दिसतं.

बाजूला काढलेलं मी खाते. टाकवत नाही.

शिलाईच्या दुकानाचा जिना चढताना आज दुसऱ्या मजल्यावर थांबले. चोपन्न पायऱ्या, बारा वर्षं चढतेय. जबडा दुखतो, डावीकडे, खालून. दाढ असणार.

११ मार्च

प्रेशर १५२/९६.

कंपनीच्या तपासणीचं रक्त न्यायला घरोघरी फिरतो तो माणूस ह्यांचा पत्त्यांतला भिडू आहे. आम्ही त्याला सुईवाला म्हणतो. संध्याकाळी आला होता. मी चहा ठेवत होते तेव्हा हे त्याला म्हणाले, “उद्या हिचं घे.”

“वहिनींचं?”

“माझ्या नावाच्या नळीत. डॉक्टरला काय, लाल दिसलं म्हणजे झालं.”

सुईवाला कपाळाला आठ्या घालून बसला. “रिपोर्टवर रक्तगट छापून येतो. वेगळा निघाला तर तुझ्याआधी माझी नोकरी जाईल.”

“एकच आहे आमचा. सव्वीस वर्षांत आमच्यात जुळलेली तेवढी एकच गोष्ट.”

दोघं खो खो हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

मी विचारलं, माझं तरी चांगलं निघेल कशावरून? तर सासूबाई आतून म्हणाल्या, “बाईला कसलं आलंय कोलेस्टेरॉल! दर महिन्याला धुऊन निघतं सगळं. हृदयाचं दुखणं बायकांना होत नाही, त्या ते दुसऱ्याला देतात.”

सुईवाल्याला ठसका लागला हसून हसून.

माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. पण ते पुरुषांसमोर काय सांगायचं.

रात्री हे अर्धंच जेवले. मी पाणी दिलं तेव्हा मला एकदम म्हणाले, “वर गेलं ना, की कोणी साहेब नसतो गं डोक्यावर. कोठारात मला पाने-पकडी मोजायला लावतील.” इतकं मोकळं ते माझ्याशी कितीतरी दिवसांनी बोलले. मी म्हटलं, घ्या माझं.

१२ मार्च

उपाशीपोटी घेतलं. डाव्या हाताची शीर सापडेना. दोनदा टोचून झालं. मग उजवा हात बघितला आणि सुईवाला म्हणाला, “ही बघा, ही राणी! आपणहून वर आलीय.” एका फटक्यात नळी भरली. नळीवर ह्यांचं नाव. रक्त इतकं गडद असतं हे मला माहीत नव्हतं.

कामावर एक बाही उलटी लावली. पुन्हा उसवली.

१५ मार्च

आज प्रेशर घेतलं नाही. हे मोजून देईनात.

दोनशे एक्क्याण्णव.

रिपोर्ट हातात घेऊन हे दारातच उभे राहिले. बूटही काढले नाहीत. मला वाटलं कोणी गेलं की काय.

“तू काय खातेस गं चोरून?”

मी म्हटलं, चोरून नाही, तुमच्यातलं काढलेलंच.

“म्हणजे माझंच खाऊन मलाच बुडवलंस.”

सासूबाई म्हणाल्या, “मी सांगत होते, हिच्या अंगात कायतरी आहे. सारखी दमते, सारखी दमते. रक्तच नासकं.”

त्यापेक्षा ह्यांचं स्वतःचं दिलं असतं तर कदाचित दोनशे पन्नास आलं असतं, असं सुईवाला म्हणाला. तो स्वतः हादरला होता. कंपनीच्या डॉक्टरांनी ह्यांना सहा आठवडे खाली ठेवलंय, कोठारात. रोज एक गोळी, तेल-तूप बंद, अर्धा तास चालणं. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. उतरलं तर वर, नाही तर कायमचं खाली.

सगळं माझ्यामुळे. ह्यांनी माझ्यावर भरवसा टाकला आणि माझं रक्त ऐन वेळी असं निघालं.

१६ मार्च

पुढचं रक्तही माझंच द्यावं लागणार. सुईवाला म्हणतो, त्याच नावाच्या नळीत आता दुसऱ्या कोणाचं घातलं तर बाकीचे आकडेही बदलतील आणि प्रयोगशाळेत कोणीतरी डोळे वर करेल.

मग गोळ्या कोणी घ्यायच्या? हे म्हणाले, “साधी गोष्ट आहे. ज्याचं रक्त त्याची गोळी.” पाकीट माझ्यापुढे ठेवलं. वर ह्यांचं नाव, कंपनीचा शिक्का.

रिपोर्टची एक प्रत सुईवाल्याकडून मी मागून घेतली. त्यानं समजावलं. एल.डी.एल. म्हणजे वाईट, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतं. ते दोनशे नऊ. एच.डी.एल. चांगलं, ते झाडूवालं. ते अडतीस. “चाळीस पाहिजे, जरासंच कमी आहे,” तो म्हणाला. कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, पुरुषांना चाळीस, स्त्रियांना पन्नास. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, “वहिनी, रिपोर्ट पुरुषाचा आहे ना!”

खरंच की. पुरुषाच्या मापाचा कपडा मी घालून बघत होते.

१९ मार्च

प्रेशर १५०/९४.

घरात माझ्यासाठी वेगळं शिजतं. मला हे लिहितानाही हसू येतं. सासूबाई स्वतः दुधी उकडतात आणि माझ्या ताटात आपटतात. “खा, तुझ्या नवऱ्याची नोकरी आहे ती.” उरलेलं खायला बंदी. पिवळं आता मांजराला.

सकाळी हे दाढी करता करता ओरडून विचारतात, “गोळी घेतलीस का?”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. बाळंतपणातसुद्धा मला कोणी हे विचारलं नव्हतं.

२२ मार्च

चालण्याचं मात्र जमत नाही.

अर्धा तास चालायला डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय, म्हणजे मला. रस्त्यावर लोक विचारतील म्हणून हे मला इमारतीचा जिना चढायला लावतात. चार मजले वर, चार खाली, पाच वेळा. हे खाली घड्याळ घेऊन उभे. कोठारात दिवसभर बसून त्यांचा सगळा जोर तोंडात आलाय.

“हल की! गोगलगाय चढेल तोवर.”

तिसऱ्या फेरीला छातीच्या मधोमध कोणीतरी गरम नसलेली पण वजनदार इस्त्री ठेवल्यासारखं झालं. जबड्यापर्यंत चढलं. मी कठड्याला धरून बसले. हे वर आले.

“काय झालं?”

“इथं दाबल्यासारखं वाटतंय.”

“रोज मशीनवर वाकून बसलीस तर दाबणारच. नाटकं कमी कर.”

बसल्यावर दोन मिनिटांत गेलं. थांबलं की जातं, म्हणजे गंभीर काही नाही. दुखणं खरं असतं तर थांबल्यानं कसं गेलं असतं?

२४ मार्च

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यानं प्रत्येक दाढेवर टकटक केलं, फोटो काढला आणि म्हणाला, “बाई, तुमचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. दुसरीकडे कुठेतरी दाखवा.” मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. उगीच त्याचा वेळ खाल्ला.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “बघा, दुखणंसुद्धा खोटं.”

३ एप्रिल

प्रेशर १४४/९०. कोठारात ह्यांचं प्रेशर उतरतंय. ह्यांना सांगितलं तर चिडले.

लेकीचा फोन. ती दूर असते, नोकरीला. बाबांच्या रिपोर्टचं तिला कळलंय, रक्त कोणाचं ते नाही.

“आई, तू त्यांना काय खायला घालतेस? दोनशे एक्क्याण्णव! माझ्या ऑफिसमध्ये एकाला दोनशे सत्तरला अटॅक आला. तुला कळतंय का किती सिरियस आहे? कधीही काहीही होऊ शकतं!”

“घेतेय गं काळजी.”

“नुसतं घेतेय म्हणू नकोस. रात्री ते झोपल्यावर श्वास बघत जा त्यांचा.”

फोन ठेवून रडली असेल. बापावर फार जीव आहे तिचा. मला तिला सांगावंसं वाटलं की घाबरू नकोस, ते रक्त बाबांचं नाही. पण बोलले नाही. एका माणसाला जास्त कळलं की एक तोंड जास्त.

९ एप्रिल

दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर काजं करणारी बाई आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जीभ कात्रीसारखी. आज डब्यात उकडलेलं बघून म्हणाली, “काय गं, लग्न ठरलंय का तुझं? बारीक होतेयस ती?”

मला राहवलं नाही. सांगून टाकलं. शपथ घालून.

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. “थांब. कागद ह्याच्या नावाचा.”

“हो.”

“गोळी ह्याच्या नावाची.”

“हो.”

“रक्त कोणाचं?”

“माझं.”

“मग आजारी कोण, बये?”

मी म्हटलं, “नाही गं. ते फक्त कागदापुरतं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं स्वतःच्या मशीनची सुईखालची पट्टी उघडून दाखवली. आत दात्यांमध्ये कापडाचा भुगा दाबून दाबून नमद्यासारखा बसला होता. “बघ. सकाळपासून किती काजं केली मी? मशीननं हूं केलं का? आवाज नाही, काही नाही. आणि आता एक दिवस टाका धरणार नाही.” तिची थोरली बहीण पाठ दुखते, पाठ दुखते म्हणत गेली. घरच्यांनी शेवटपर्यंत मलम लावलं. “पुरुष छाती धरून पडतो, लोक धावतात,” ती म्हणाली. “बाई दमते, तिला लोक आळशी म्हणतात.”

“तुझ्या नावानं एकदा तपासून घे,” म्हणाली.

घेईन. पण ह्यांचं काम झालं की. आत्ता मी दवाखान्यात दिसले आणि कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर? हे जातील, सुईवाला जाईल.

१८ एप्रिल

एक गंमत. आज चोपन्न पायऱ्या न थांबता चढले. वर जाऊन काजवालीला सांगितलं. ती म्हणाली, “गोळीला नाव वाचता येत नाही बघ.”

२३ एप्रिल

प्रेशर १४६/९२.

आज हे माझ्या ताटात स्वतः भाजी वाढत होते. “अजून घे. पाच दिवस राहिले.” मी अजून घेतली. पोट भरलं होतं तरी.

पाच दिवसांनी हे सगळं संपेल, याचं मला मधेच वाईट वाटतं. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही.

२८ एप्रिल

उजव्या हाताचं रक्त दिलं. सुईवाला म्हणाला, “राणी शाबूत आहे.”

३० एप्रिल

एकशे अठ्ठ्याऐंशी!

एल.डी.एल. एकशे चौदा. कंपनीच्या डॉक्टरांनी ह्यांच्याशी हात मिळवला. म्हणाले, “तुमच्यासारखे पेशंट हवेत. बाकीच्यांना तुमचं उदाहरण देतो.” त्यांनी हेही सांगितलं की गोळी चालूच ठेवायची, बंद केली की आकडा परत चढतो. उद्यापासून हे वर, क्रेनवर.

घरी क्रीमचा केक आणला. ह्यांनी सर्वांत मोठा तुकडा मला दिला. “खा, सुटलीस! झाली तुझी शिक्षा.” सासूबाईंनी सुईवाल्यासाठी मटण केलं. कितीतरी दिवसांनी घरात हसणं होतं. हे मला सुईवाल्यासमोर म्हणाले, “हिनं बुडवलं आणि हिनंच तारलं.” मी आत जाऊन थोडी रडले. चांगलं रडणं होतं.

भांडी घासताना विचारलं, “गोळ्या चालू ठेवू का? डॉक्टर म्हणाले ना.”

“मला म्हणाले ते. तुला काय झालंय?”

“नाही, आकडा परत...”

“कोणाचा आकडा? आता कोण बघतंय?”

नऊ गोळ्या उरल्या होत्या. ह्यांनी पाकिटावरची तारीख बघायला सांगितली. मुदत पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे. “मग ठेव. पुढच्या मार्चला सहा आठवडे आधी सुरू कर. तेव्हा नवीन तेवढ्या कमी मागाव्या लागतील.” मी ते पाकीट सुयांच्या डब्यात ठेवलं.

२ मे

ह्यांचं प्रेशर १५४/९६. वर चढायला लागल्यापासून परत वाढलंय.

आज सकाळी सवयीनं मोरीच्या दारापाशी थांबले. ह्यांनी दाढी केली, तोंड पुसलं, “बाजूला हो,” म्हणाले आणि गेले.

११ मे

पिवळं परत माझ्याकडे. मांजराला सवय झाली होती, ओरडतं.

१९ मे

काजवाली रोज विचारते, तपासलंस का? आज मी तिला तोडून बोलले. म्हटलं, तुझी बहीण गेली म्हणून सगळ्यांनाच मारू नकोस. तिनं काजाचं कापड पुढे ओढलं. दिवसभर तिच्या मशीनचा आवाज तेवढा ऐकला.

उद्या तिची माफी मागेन.

२७ मे

तीन दिवस पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, भरून आल्यासारखं होतं. आणि झोप पुरत नाही. सात तास झोपूनही उठताना वाटतं कोणीतरी आत्ताच मला धुऊन पिळून काढलंय. दुसऱ्या मजल्यावरचा थांबा परत सुरू झाला. आता पहिल्यावरही.

ह्यांना म्हटलं, एकदा दाखवून येऊ का. हे टीव्ही बघत होते. “वय झालं तुझं. दाखवून काय कमी होणार आहे का?”

सासूबाई म्हणाल्या, “तिला आता लाड लागलेत. दीड महिना ताटात आयतं आलं ना.”

त्यात थोडं खरं आहे. म्हणून मला जास्त लागलं.

४ जून

सुयांचा डबा उघडला होता. पाकीट हातात घेतलं, नऊ मोजल्या, परत ठेवलं. मार्चमध्ये कमी भरल्या तर ह्यांना कळेल.

१३ जून

इस्पितळात आहे. वही कामाच्या पिशवीत होती म्हणून सापडली. अक्षर वाकडं येतंय. आठवतंय ते लिहिते.

नऊ तारखेला सकाळी शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट इस्त्री करायचे होते. सातव्या शर्टाला मळमळायला लागलं. घाम आला, थंड. जबडा, पाठ, डावा हात, सगळं एकदम. मी इस्त्री उभी ठेवली, एवढं आठवतं. कापड जळायला नको म्हणून. मालक म्हणाला, पित्त असेल, सोडा द्या. काजवालीनं सोड्याचा ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “गाडी बोलाव, नाही तर ही इथंच मरेल आणि मी तुझं नाव सांगेन.” चोपन्न पायऱ्या मला खुर्चीत बसवून उतरवलं. ती पुढे उलटी चालत होती, माझ्याकडे बघत. सबंध वाट मला शिव्या देत होती. “डोळे मिटलेस तर याद राख, भवाने.”

माफी मागायची राहूनच गेली होती. गाडीत मागितली. ती म्हणाली, “गप. दम वाचव.”

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अंगावर तारा लावल्या, पट्टी बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला. तेवढ्यात हे आले. क्रेनवरून थेट, डोक्यावर पिवळं हेल्मेट तसंच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “ह्यांचं कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं?”

“कधीच नाही,” हे म्हणाले. “हिला कधी काही झालंच नाही.”

काजवाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडणार होती. मी मान हलवली, नाही म्हणून. उशीवरच, पण तिला कळलं. तिनं ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले.

“कधीच नाही?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

बाईंनी पेन कागदावर दाबलं. “हेच. बायका कधी तपासतच नाहीत. पाळी गेल्यावर कोलेस्टेरॉल चढतं, कोणाला माहीत नसतं. आणि दुखणं छातीतच येईल म्हणून वाट बघत बसतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी नुसता एक रिपोर्ट असता हातात, एक साधी गोळी चालू असती, तर कदाचित ही वेळ आली नसती.”

“मी किती वेळा म्हटलं हिला,” हे म्हणाले, “तपासून घे, तपासून घे. ऐकते का? स्वतःच्या बाबतीत फार हलगर्जी.”

त्यांचे डोळे भरून आले होते. खरोखर भरले होते, मी पाहिलं.

काजवाली बाहेर निघून गेली. दार आपटलं तिनं.

१४ जून

दोन नळ्यांमध्ये जाळ्या बसवल्यात. तिसरीचं नंतर बघू म्हणतात. हृदयाचा एक भाग गेला तो गेला, तो परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. यापुढे जिने नाहीत, इस्त्री नाही. मालकानं माझी मशीन दुसरीला दिली, काजवालीनं सांगितलं. सांगताना माझ्या पायावर पांघरूण नीट करत बसली, नीट असलेलंच.

रक्ताचा रिपोर्ट आणून दिला. दोनशे शहाऐंशी. ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. पण वर माझं नाव होतं. पूर्ण, वय घालून. एच.डी.एल.च्या पुढे कंसात पन्नास छापलंय, चाळीस नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं.

लेक आली. मला धरून रडली. “आई, एवढी बाबांची काळजी घेतलीस, स्वतःकडे बघितलंच नाहीस.” मी तिच्या पाठीवर हात फिरवला. पलीकडे हे उभे होते, ते म्हणाले, “तेच तर!”

१८ जून

घरी आले. लेक आज गेली, रजा संपली. ह्यांचं प्रेशर घ्यायचं राहिलंय नऊ दिवस. सासूबाई म्हणाल्या, “पडून राहा आता. सगळ्यांना कामाला लावलंस.” पण दुधी त्यांनीच उकडला.

संध्याकाळी हे पलंगापाशी खुर्ची ओढून बसले. इस्पितळाचा कागद शांतपणे वाचत होते, एकेक ओळ, बोट ठेवून. इतकं लक्ष देऊन ते काही वाचताना मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं.

“ही गोळी आता कायमची आहे?” त्यांनी विचारलं.

“हो. जन्मभर, म्हणाल्या बाई.”

“आकडा खालीच राहील?”

“गोळीनं राहील. सत्तरच्या आत आणायचंय म्हणाल्या वाईट कोलेस्टेरॉल.”

त्यांनी त्या ओळीवर परत बोट ठेवलं. मग त्यांचा चेहरा उजळला, केकच्या दिवसानंतर पहिल्यांदा. कागदाची घडी घालून त्यांनी उशाखाली सरकवली.

“म्हणजे बघ, देव करतो ते... जाऊ दे. पण पुढच्या मार्चची काळजी मिटली. दरवर्षीचीच मिटली.” सुईवाल्याला सांगतो म्हणाले. मग उठले, पाणी आणलं. ग्लास माझ्या हातात दिला.

“आजची घेतलीस ना?”

तोच प्रश्न. कितीतरी दिवसांनी. मी त्याची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

मी “हो” म्हटलं. ते हसले आणि दिवा लावायला गेले. तेवढ्यात मी उजवा हात पांघरुणाच्या आत ओढून घेतला, दंडापर्यंत, आणि अंगाखाली दाबून धरला. थंडी तर नव्हती.

हे डाव्या हातानं लिहिलंय.